सरांच्या आवाजातली परीक्षा

लिसनिंगच्या परीक्षेला काय काय लागतं ते मला पाठ आहे. स्पीकर, त्याची वायर, एक जादा वायर, चार्ज केलेला मोबाईल, पाणी भरलेला इन्व्हर्टर, खिडक्या आपटू नयेत म्हणून कड्यांना बांधायला सुतळी, आणि रस्त्यापलीकडच्या कापसाच्या जिनिंगवाल्याला आदल्या दिवशी निरोप, की परीक्षेच्या तासाभरात ट्रॅक्टरवाल्यांना हॉर्न वाजवू देऊ नका. मी कॉमर्स शिकवते. पण इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, परीक्षांचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे, कारण मी यादी करते आणि यादीतलं सगळं करते.

त्या जानेवारीत यादीतली एकही गोष्ट राहिली नव्हती. आणि त्या तासावर आमच्या इंग्रजीच्या सरांची नोकरी टांगलेली आहे, हे मला प्रिन्सिपॉलांइतकंच माहीत होतं.

इंग्रजीचं प्रॅक्टिकल आमच्याकडे नवीन. आधी इंग्रजी म्हणजे तीन तासांचा पेपर. गाईड पाठ करायचं आणि उतरवून यायचं. मग नियम आला, की मुलांना इंग्रजी ऐकवा, वाचायला द्या, आणि काय कळलं ते बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर तपासा. स्टाफरूममध्ये तो कागद वाचून सगळे हसले होते. आमचं कॉलेज तेलंगणात, पण निम्मी मुलं पैनगंगेकाठच्या मराठी गावांतली. दहावीपर्यंत मराठी शाळा, आणि कॉलेजात आल्यावर अर्धं तेलुगू, अर्धं इंग्रजी. पहिले सहा महिने ती नुसती मान हलवतात. ती इंग्रजी ऐकून काय लिहिणार?

फक्त इंग्रजीचे सर हसले नव्हते. ते त्याच गावांतले. घर बौद्ध, वडील दुसऱ्याच्या वावरात राबलेले, घरातले पहिले एम. ए. हेच. कॉलेजात गेस्ट लेक्चरर होते. म्हणजे दर वर्षी जूनमध्ये त्यांची ऑर्डर नव्याने निघायची, आणि ती निघेपर्यंत मे महिनाभर ते कुणाशी फार बोलायचे नाहीत. बायको अंगणवाडीत मदतनीस, मुलगी चौथीत.

त्यांची शिकवायची एक तऱ्हा होती. त्यांच्या वस्तीत रविवारी विहारात वंदना होते. पुढे बसलेला एक जण गाथेची ओळ म्हणतो, थांबतो, आणि सगळे ती ओळ त्याच्यामागून म्हणतात. तिथल्या लहान पोरांना एक अक्षर वाचता येत नाही, पण वंदना अख्खी येते. सरांनी तेच इंग्रजीला लावलं. वाक्याचा तुकडा म्हणायचा आणि हाताचा पंजा वर करायचा. पंजा वर झाला की सगळा वर्ग एका आवाजात तो तुकडा म्हणायचा. आवाज बारीक वाटला तर पंजा आणखी वर. शेजारच्या वर्गात मी जमाखर्च शिकवत असायचे आणि भिंतीपलीकडून इंग्रजी यायचं. मी एकदा तक्रार केली, तेव्हा ते हसून म्हणाले, "पोरायच्या तोंडातून गेल्याबिगर ते कानात बसत नाही, मॅडम. तुमी पन म्हनत जा मागून."

पद्धत बरी की वाईट, मला ठाऊक नाही. त्यांच्या वर्गातली मुलं इंग्रजी ऐकून घाबरायची नाहीत, एवढं मी बघितलेलं आहे. दुसरं कुणी इंग्रजी बोललं की मात्र ती पुन्हा मान हलवायला लागायची.

सरांचा घसा उन्हाळ्यात बसला. आधी सगळ्यांनी सर्दी म्हटलं, मग खडूची धूळ म्हटलं. जुलैमध्ये ते नागपूरला जाऊन आले आणि स्टाफरूममध्ये येऊन बसले. गळ्यात गाठ आहे, स्वरयंत्रच काढावं लागणार. पहिला प्रश्न सगळ्यांनी एकच विचारला, तंबाखूचा खर्रा खायचे का? त्यांनी आयुष्यात सुपारी खाल्ली नव्हती. खर्रा खात असते तर विचारणाऱ्यांना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉलांच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. प्रिन्सिपॉल तेलुगू बोलणारे, करीमनगरकडचे, वाईट माणूस नाही. पण ज्याला बोलता येत नाही तो इंग्रजी कसा शिकवेल, हे फाईलवर काय म्हणून लिहायचं, असं त्यांनी हिंदीत विचारलं. सरांनी रात्रभर त्याचाच विचार केला होता. आवाज आहे तोवर ते सगळं रेकॉर्ड करून ठेवणार होते. दोन्ही वर्षांचे सगळे धडे आणि लिसनिंगचे सगळे उतारे. ऑपरेशनहून आल्यावर रेकॉर्डिंग लावायचं आणि फळ्याचं काम ते स्वतः करणार. पेपरही तपासणार. मुलं त्यांच्याच आवाजात शिकतील. उताऱ्यांचा संच वर्षाच्या सुरुवातीलाच येतो. त्यातला कुठला लावायचा ते परीक्षक त्या दिवशी चिठ्ठी उचलून ठरवतो, आणि कॉलेजने आपलं रेकॉर्डिंग लावलं तरी चालतं. म्हणजे नियमात बसत होतं. मी नियमाचा कागद बरोबर घेऊनच गेले होते.

प्रिन्सिपॉल म्हणाले, "चूद्दाम." म्हणजे बघू. मग आमची तोंडं बघून त्यांनी स्पष्ट केलं. जानेवारीच्या प्रॅक्टिकलला बाहेरचा परीक्षक असतो. त्याच्यासमोर या आवाजावर मुलांना मार्क पडले, तर शिकवण्यात काही कमी पडत नाही असं मी फाईलवर लिहीन, आणि जूनमध्ये तुमची ऑर्डर निघेल. नाही पडले, तर माझा हात चालणार नाही.

ऑपरेशनची तारीख जवळ होती. मी क्रम लावला. आधी परीक्षेचे उतारे, मग दुसऱ्या वर्षाचे धडे, मग पहिल्या वर्षाचे. मोडकी बाकं ठेवायच्या खोलीत आम्ही बसायचो, कारण तिथे पंखा नव्हता आणि पंख्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो. दाराला जुनी सतरंजी लावली. सर बोलायचे, मी मोबाईल धरायचे आणि मजकूर डोळ्याखालून घालायचे. आवाज तेव्हाच फाटलेला होता, पत्र्यावर खडे ओतल्यासारखा. तुकडा म्हणायचा, थांबायचं, पुढचा म्हणायचा. मला वाटलं दम लागतो म्हणून थांबतात. दम लागतही होता. घामाने शर्ट पाठीला चिकटायचा. मी म्हणायचे, सर, आज पुरे. ते पुढचं पान उलटायचे.

पहिल्या वर्षाचे शेवटचे काही धडे राहिले. तेवढ्यात नागपूरचा दिवस आला.

दिवाळीनंतर ते परत आले. गळ्याशी श्वासासाठी भोक, त्याच्यावर पांढरा मलमलीचा तुकडा. खिशात लिहून बोलायला मुलीची छोटी पाटी. किरणं घेऊन त्यांची कातडी काळी पडली होती आणि मान एका बाजूला वळत नव्हती. पहिल्या तासाला मी स्पीकर घेऊन वर्गात गेले. सर फळ्याशी उभे राहिले. मी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि त्यांचाच आवाज त्यांच्या पाठीमागून आला. मुलं एकदम ताठ झाली. एक मुलगी रडायला लागली, तिला शेजारणीने कोपर मारलं. मग पहिला तुकडा संपला, सरांनी पंजा वर केला, आणि वर्गाने तो तुकडा म्हटला. पुढचा तुकडा, पुन्हा पंजा. चार-पाच दिवसांत पंजाचीही गरज राहिली नाही. आवाज थांबला की वर्ग म्हणायचा.

मी भिंतीपलीकडे पुन्हा जमाखर्च शिकवायला लागले. इंग्रजी यायचं तसंच येत होतं. मला वाटलं, जमलं.

संक्रांतीची सुट्टी संपल्यावर प्रॅक्टिकल लागलं. सकाळी धुकं होतं, माझ्या गावाहून, मावल्याहून येणारी बस उशिरा निघाली, तरी मी सगळ्यांच्या आधी पोचले. परीक्षक निर्मल गावाकडचे लेक्चरर, कानाला मफलर बांधलेले, सभ्य. चहा घेतला, बैठक व्यवस्था बघितली, खिडक्यांची सुतळी बघून मला म्हणाले, ऐसा इंतजाम मैंने कहीं नहीं देखा. सर हॉलच्या मागच्या दाराशी उभे होते. परीक्षकांनी त्यांच्या गळ्याकडे बघितलं, मग नजर काढून घेतली. प्रिन्सिपॉलांनी त्यांना आधीच सांगितलं असावं.

आधी रीडिंग झालं. एक उतारा, खाली प्रश्न. मुलं ओठ हलवत वाचत होती, पण आवाज नव्हता. कागद भरत होते. मी मधून फेरी मारली, तेव्हा उत्तरं बरी दिसली. मागे वळून सरांकडे बघितलं आणि मान हलवली. त्यांनी पाटी छातीशी धरली होती.

मग लिसनिंग. परीक्षकांनी चिठ्ठी उचलली. बसमध्ये पिशवी विसरलेली एक बाई डेपोत फोन करते, असा उतारा. सोपा होता. मी फाईल शोधली, स्पीकर लावला. हॉलमध्ये सरांचा आवाज आला. "गुड मॉर्निंग. आय ट्रॅव्हल्ड बाय युवर बस धिस मॉर्निंग."

आवाज थांबला. आणि अख्ख्या हॉलने ते वाक्य मागून म्हटलं.

पहिल्या क्षणी मला काही वावगं वाटलंच नाही. कित्येक आठवडे मी हेच ऐकत होते. परीक्षक खुर्चीतून अर्धे उठले, तेव्हा मला कळलं. तोवर दुसरं वाक्य झालं होतं आणि मुलांनी तेही म्हटलं होतं. रोजच्यासारखं, स्वच्छ, एका लयीत.

सर मागच्या दारातून पुढे धावले. त्यांना ओरडायचं होतं, तोंड उघडलं, गळ्यावरचा कपडा नुसता फडफडला. मग त्यांनी मुलांना थांबवायला हात वर केला. पंजा वर.

मुलांनी सरांचा पंजा बघितला आणि तिसरं वाक्य दुप्पट आवाजात म्हटलं.

मी स्पीकर बंद केला. सर बाकांच्या मधल्या वाटेत उभे होते, हात अजून वरच. मी जाऊन तो खाली केला.

परीक्षक माझ्याकडे वळले. रागाने नाही, खरंच न कळल्यासारखे.

"ये परीक्षा है की प्रार्थना है, मॅडम?"

मी मुलांकडे वळले. मला खूप राग आला होता, आणि तो त्यांचा नव्हता. मी विचारलं, "काऊन बोलता रे? परीक्षा आहे ना?"

पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. तिला आपण काय चुकलो ते कळत नव्हतं. म्हणाली, "मॅडम, आमी ऐकूनच तर राह्यलो."

परीक्षकांना मी बाहेर व्हरांड्यात नेऊन सगळं सांगितलं. वंदनेचंही सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. पण तीन वाक्यं हॉलमध्ये एकमेकांना ऐकू जातील अशी म्हटली गेली होती, आणि बाहेर शिपाई, वॉचमन, दुसऱ्या वर्गाचे लेक्चरर सगळे ऐकत होते. हा उतारा रद्द. ते म्हणाले, मी अख्खी परीक्षाच रद्द करू शकतो, पण मुलांचं नुकसान करायचं नाही. दुसरी चिठ्ठी काढू, आणि उतारा मी स्वतः वाचीन. त्या आवाजात नको. त्या आवाजात ही मुलं पुन्हा म्हणतील.

त्यांचं चुकत नव्हतं. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

हॉलमध्ये जाऊन मी मुलांना बजावलं, की आता ओठसुद्धा हलले तर पेपर जाईल. मला वाटलं मी मदत करते आहे.

परीक्षक वाचायला लागले. त्यांचं इंग्रजी वाईट नव्हतं. भरभर, शब्दांची शेपटं तेलुगू पद्धतीने ओढत. मुलं बसली होती ती मला अजून दिसतात. कुणी तळहात तोंडावर दाबलेला, कुणी मफलर नाकापर्यंत ओढलेला, मुलींनी ओढणीची टोकं दातात धरलेली. सगळ्यांचे डोळे मोठे झालेले. नियमाप्रमाणे उतारा दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना परीक्षकांनी वेग कमी केला, ते मी मानते. पेनं उचलली गेली आणि बऱ्याच ठिकाणी तशीच थांबली.

पहिल्या बाकावरच्या मुलीचा कागद मी गोळा केला तेव्हा वरच्या नावाशिवाय त्याच्यावर एकच शब्द होता. ती हळूच म्हणाली, "तोंड बंद ठेवायच्या नादात काई ऐकूच आलं नाही, मॅडम."

सर हॉलमध्ये नव्हते. ते मोडक्या बाकांच्या खोलीत सतरंजीवर बसले होते. मी डबा उघडून अर्धी भाकरी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांना गिळायला वेळ लागतो, म्हणून ते माणसांसमोर खात नाहीत. मी दार ओढून घेतलं आणि बाहेर उभी राहिले. थोड्या वेळाने आत गेले तर भाकरी तशीच होती, आणि पाटीवर लिहिलं होतं, पोरायची चूक नाही, साहेबाले सांगा. परीक्षकांना मी ते सांगून आले. ते म्हणाले, मालूम है.

अहवाल सभ्य भाषेत होता. रीडिंग समाधानकारक. लिसनिंगमध्ये विद्यार्थी ठरावीक आवाजाच्या बाहेर इंग्रजी समजू शकत नाहीत, आणि ध्वनिमुद्रणाची सध्याची पद्धत परीक्षेस योग्य नाही. प्रिन्सिपॉलांनी तो दोनदा वाचला. मी म्हटलं, पद्धत बदलता येईल. मधल्या जागा काढून टाकते, मोबाईलवर जमतं ते. फेब्रुवारीत मी तसं एक रेकॉर्डिंग करून वर्गात लावूनही बघितलं. जागा काढल्यावर आवाज सलग झाला, आणि मुलं वाक्य संपायच्या आत मागे पडायला लागली. कुणाला काही म्हणता येईना आणि कुणाला काही कळेना. सरांनीच हात करून बंद करायला सांगितलं.

प्रिन्सिपॉलांनी फाईलवर काय लिहिलं ते त्यांनी मला दाखवलं नाही. जूनमध्ये ऑर्डर एका नव्या मॅडमच्या नावाने निघाली. त्या हैदराबादकडच्या, हुशार आहेत, मुलांकडून एकेकट्याने बोलून घेतात. त्यांच्यात दोष काढण्यासारखं काही नाही. सर आता मेव्हण्याच्या झेरॉक्सच्या दुकानात बसतात. तिथे फार बोलावं लागत नाही. मुलं अर्जाची झेरॉक्स काढायला जातात आणि पाया पडतात. पाया पडणं त्यांना आवडत नाही, पण नको म्हणायला आता फक्त हात आहे, आणि हात वर करायचं ते टाळतात.

जुलैत एका दुपारी त्यांची बायको कॉलेजात आली. अंगणवाडीची साडी नेसून, तशीच कामावरून. मी परीक्षेच्या कपाटापुढे होते. ती बसली नाही. म्हणाली, "मॅडम, ते तुमच्यापाशी सरायचं रेकॉडिंग हाय म्हनते ना. मले देता का?"

मी म्हटलं, देते. मग तिने विचारलं, "त्यात आमच्यासाटी काई बोलले का ते? पोरीसाटी? एखादा शब्द?"

मला उत्तर माहीत होतं. तरी मी कॉलेजचा मोबाईल काढून तिच्यासमोर एकेक फाईल उघडली, कारण नुसतं नाही म्हणून तिला परत पाठवणं मला जमलं नसतं. धडे, कविता, उतारे. सगळं इंग्रजी. सर रेकॉर्ड करताना मराठी शब्द तोंडात आला की ते पुसायला लावायचे आणि पहिल्यापासून सुरू करायचे. बाहेरचा परीक्षक ऐकेल, मॅडम, म्हणायचे.

ती ऐकत उभी राहिली. मग म्हणाली, "नागपूरले जायच्या आदी मी म्हनलं होतं त्यायले. घरी दोन शब्द बोलून ठेवा त्या मोबाईलात, पोरीले हाक मारा एकदा. तर म्हने, आवाज पुरला पायजे. आदी कॉलेजचं होऊ दे. नोकरी राह्यली तर सगळं राह्यते."

तिचा फोन साधाच होता, जागा कमी. तिने स्वतःच त्यातले फोटो पुसायला घेतले. कुठले पुसते आहे ते मी बघितलं नाही. "इंग्रजी तर इंग्रजी," ती म्हणाली. मी एकेक धडा तिच्या फोनमध्ये टाकत गेले. धडे संपले, उतारे राहिले. त्यातलेच उतारे पुढच्या वर्षीच्या संचातही येतात, म्हणून परीक्षेचे उतारे कॉलेजबाहेर द्यायचे नसतात. तो नियम मीच कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे.

तेही टाकले.